धरणाकाठची पांढरी वाइन आणि आपला खारेपाट



भात आणि वाल सोडून आज द्राक्षावर लिहितोय. तेही खायच्या द्राक्षावर नाही, वाइनच्या. आधीच सांगून टाकतो, मी पीत नाही, आणि कुणी प्यावी असंही माझं म्हणणं नाही. ज्यांना विषयच नको असेल त्यांनी इथेच थांबलं तरी राग नाही. पण शेतकरी म्हणून मला त्यात जे दिसलं ते बाटलीतलं नाही, बांधावरचं आहे.

झालं असं की फेब्रुवारीत आमच्या भागातल्या दहा-बारा शेतकऱ्यांबरोबर नाशिकला जाऊन आलो. गंगापूर धरणाच्या काठच्या वाइनच्या बागा बघितल्या. फोटो टाकले तेव्हापासून एकच प्रश्न येतोय, "दादा, आपल्याकडे पेणला, रोह्याला द्राक्ष होईल का?" एकाने तर हेटवणे धरणाच्या काठाला जागा बघून ठेवलीय म्हणे. म्हणून हे लिहितो.

उत्तर आधी देतो. नाही होणार. वेल जगेल, दारात मांडवावर हौसेने लावा, चार घड येतीलही. पण धंद्याची बाग नाही. नाशिकला वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे तीन हजाराच्या वर. नाशिक समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच, आपला खारेपाट भरतीच्या रेषेला टेकलेला. द्राक्षाला पान कोरडं लागतं, आपल्याकडे आठ महिने हवेतच पाणी. डाऊनी, ज्याला नाशिकवाले केवडा म्हणतात, तो इथे मुक्कामालाच येईल. थंडीच्या दिवसांत तिकडे रात्री जी बोचरी थंडी पडते ती द्राक्षाचा आंबटपणा टिकवते, आणि पांढऱ्या वाइनचा सगळा जीव त्या आंबटपणात. ते आपल्याकडे नाही. त्यामुळे हेटवणेच्या काठाला द्राक्ष लावायचा बेत असेल तर मिटवा.

पण जाऊन बघून या. जरूर या. कसं जायचं तेही सांगतो. पेणवाल्यांनी खोपोली, कर्जत, मुरबाड, शहापूर करून आग्रा रस्त्याला लागायचं, कसारा घाट चढला की इगतपुरी आणि पुढे नाशिक. रोह्याहून रेल्वेने जायचं तर दिव्यापर्यंत मेमू, तिथून कल्याण, आणि कल्याणहून नाशिकरोडची गाडी. जानेवारी ते मार्च या दिवसांत जा, तेव्हा तोडणी चालू असते. मे महिन्यात गेलात तर नुसते खरड छाटलेले खुंट दिसतील आणि तुम्ही म्हणाल, याच्यात बघण्यासारखं काय होतं.

गंगापूर धरण गोदावरीवर, त्र्यंबकेश्वराकडून नदी खाली येते तिथे, नाशिक शहराच्या थोडं वरच्या अंगाला. शहराला पिण्याचं बरंचसं पाणी यातूनच. काठाला गोवर्धन, सावरगाव, गंगावऱ्हे ही गावं. या पट्ट्यात आज वाइनचे कारखाने आणि त्यांच्या बागा आहेत. मोठं नाव सुला. राजीव सामंत अमेरिकेत शिकून, तिथे नोकरी करून परत आले आणि घरच्या जमिनीवर वेगवेगळी पिकं करून बघितली, त्यात आंबाही होता. मग १९९७ च्या सुमाराला वाइनची द्राक्षं लावली, आणि पहिली वाइन बाजारात आली ती २००० साली. पहिल्या मालात पांढरी वाइनच होती, सोव्हिन्यो ब्लां आणि शेनँ ब्लां या दोन जातींची. दोन्ही जाती मूळच्या फ्रान्सच्या. त्यानंतर आजूबाजूला बाकीचे आले. सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क केलं, आणि 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

बाग बघताना पहिलं डोळ्यात भरतं ते म्हणजे मांडव नाही. खायच्या द्राक्षाला डोक्यावर मांडव किंवा वाय असतो. वाइनचा वेल कुंपणासारखा तारांवर सरळ उभा चढवलेला. घड लहान, मणी लहान, साल जाड, बी भरपूर. तोंडात टाकलं तर गोड लागतं पण खायची मजा नाही. एकरी माल खायच्या द्राक्षापेक्षा मुद्दाम कमी धरतात, कारण माल वाढवला की रस पातळ होतो. आपल्याकडे शेतकऱ्याची शान एकरी किती मण पिकलं त्यावर. तिथे कमी पिकवायचे पैसे मिळतात, हे डोक्यात शिरायला जरा वेळ लागतो.

पांढरी वाइन कशी होते हे तिथे दाखवतात. सोपं आहे. तांबड्या वाइनला द्राक्ष सालीसकट आंबवतात, रंग सालीतून येतो. पांढरीला द्राक्ष आल्याबरोबर दाबून रस वेगळा काढतात, साल-बी बाजूला, आणि नुसता रस स्टीलच्या टाक्यांत थंड ठेवून सावकाश आंबवतात. थंड म्हणजे पंधरा डिग्रीच्या आसपास. ऊन चढलं की रसाचा वास उडतो, म्हणून पांढरी द्राक्षं रात्री किंवा पहाटेच तोडतात. आपली बायामाणसं वालाच्या शेंगा पहाटे दवात तोडतात तसंच. फरक एवढाच की तिथे ट्रॅक्टर थेट कारखान्याच्या दारात जातो आणि दारातच साखर मोजून भाव ठरतो.

मध्येच एक गोष्ट, कारण आपल्या सुपारीवाल्यांना आवडेल. आपण कोळेरोगासाठी सुपारीवर बोर्डो मिश्रण मारतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. हे बोर्डो म्हणजे फ्रान्समधला वाइनचा मुलूख. तिथले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना फासायचे, का तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरून खाऊ नयेत. मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या १८८२ साली लक्षात आलं की रस्त्याकडेच्या वेलींवर केवडा नाही, आतल्या वेलींवर आहे. १८८५ साली त्याने ते औषध म्हणून जाहीर केलं. म्हणजे आपल्या वाडीतलं औषध वाइनच्या गावातून आलेलं आहे, आणि तेही चोरांच्या कृपेने!

आता मुख्य मुद्दा. धरणाच्या काठाला संध्याकाळी बसायला ओटे, गॅलऱ्या केलेल्या आहेत. पाण्यावर ऊन उतरतं, मुंबई-पुण्याच्या गाड्या लागलेल्या असतात. माणसं तिकीट काढून बाग बघतात, चव घेतात, जेवतात, राहतात आणि जाताना बाटल्या घेऊन जातात. तिथल्या माणसाला विचारलं की लोक वाइनसाठी येतात की तळ्यासाठी? तो हसला. म्हणाला, "काका, तळं फुकट आहे, वाइन मुंबईतही मिळते. दोन्ही एका जागी मिळतं म्हणून येतात."

हे वाक्य मी तिथून घेऊन आलो. पीक, जागा आणि नाव तिन्ही एकत्र आलं की गिऱ्हाईक स्वतःच्या पेट्रोलने बांधावर येतं. आपण उलटं करतो, माल घेऊन त्याच्या दारात जातो आणि तो म्हणेल तो भाव घेतो.

पण हुरळून जाऊ नका. तळ्याकाठची गॅलरी कारखान्याची आहे. आत पाच-पंचवीस मैलांवर दिंडोरी, निफाडच्या अंगाला जो शेतकरी कराराने वाइनची द्राक्षं लावतो त्याची गोष्ट वेगळी. खायचं द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारलं तर दुसरा घेतो, नाहीतर बेदाणा होतो. वाइनच्या द्राक्षाला कारखाना सोडून गिऱ्हाईक नाही. २००८ च्या मंदीनंतर वाइनचा खप बसला, कारखान्यांकडे माल पडून राहिला, आणि करारावर द्राक्षं लावलेल्या कितीतरी शेतकऱ्यांनी उभ्या बागा तोडल्या. वेल उभी करायला दोन-तीन वर्षं जातात, तोडायला एक सकाळ पुरते. ज्यांचा करार कागदावर पक्का होता आणि कारखाना तगला ते तगले. ज्यांचा करार तोंडी होता त्यांचं काय झालं ते नाशिकवाले अजून सांगतात.

म्हणून तिथे गेलात तर वाइनची चव विचारू नका, करार विचारा. भाव कुणी ठरवला, किती वर्षांचा, साखर कमी भरली तर किती कापतात, पावसाने घड कुजले तर नुकसान कुणाचं. गाइड हे सांगणार नाही. बाहेर चहाच्या टपरीवर बागायतदार भेटतात, ते सांगतात.

२७ जानेवारी २०२२ ला आपल्या सरकारने ठरवलं होतं की हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या दुकानात वाइन विकायला परवानगी द्यायची. शेतकऱ्याच्या भल्यासाठी, असं सांगितलं. केवढा गोंधळ झाला तो तुम्हाला आठवत असेल, अण्णा हजारेंनी विरोध केला, आणि ते तिथेच राहिलं. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या. नाशिकच्या एकूण द्राक्षात वाइनचा वाटा अगदी थोडा, बाकी सगळं खायचं आणि निर्यातीचं. तेव्हा वाइन विकली की शेतकरी तरला असं म्हणणं म्हणजे शेपटीला धरून बैल उठवणं. आणि दुसरीकडे, गावागावात दारूने घरं बसली आहेत, आमच्या बायांनी त्यासाठी मोर्चे काढलेत, त्यांचं म्हणणं उडवून लावायचं काय कारण? शेतकऱ्याचं नाव पुढे करून जेव्हा कुणी काही मागतं, तेव्हा पैसा शेवटी कुणाच्या खिशात जातो ते आधी बघावं, एवढंच.

नाशिकहून आल्यावर पुतण्याला म्हटलं, जगात असं तळ्याकाठचं दुसरं ठिकाण कुठलं ते काढ. त्याने इटलीतलं गार्डा तळं दाखवलं. इटलीतलं सगळ्यात मोठं तळं ते. त्याच्या दक्षिण काठाला पाच गावांचा लुगाना नावाचा पट्टा, तिथे पांढरी वाइन होते. लोक बोटीत बसून येतात, जुना किल्ला बघतात, मासे खातात आणि तीच वाइन पितात. मला त्यातली एक गोष्ट भारी वाटली, ती म्हणजे माती.

द्राक्ष म्हटलं की आपण मुरमाड, निचऱ्याची जमीन म्हणतो. लुगानाची माती चिकण आहे. वाळली की दगडासारखी, भिजली की पाय सोडत नाही. पूर्वी तिथे दलदल आणि रान होतं. ते उपसून, चर काढून जमीन केली. आणि त्या मातीत जी त्यांची जुनी जात टिकली, तुर्बियाना म्हणतात तिला, तीच धरून बसले. शेजारची जास्त पिकणारी जात आणून लावली असती तर कुणी अडवलं नसतं. १९६७ साली त्यांनी त्या वाइनच्या नावाला कायद्याचं संरक्षण घेतलं. त्या पाच गावांच्या बाहेर पिकलेल्या द्राक्षाच्या वाइनला लुगाना म्हणता येत नाही. बागायतदारांचा संघ त्यावर नजर ठेवतो.

वाचताना कुणाची आठवण झाली? वाळली की दगड, भिजली की चिखल. वाशी, वढाव, दादर, रावेच्या खाचरांत उतरा, हीच माती. वर मीठ आणखी. तिथे आपल्या आज्या-पणज्यांनी खाडी हटवून शेत केलं. आणि त्या खाऱ्या चिकण मातीत जी जात टिकायची तिचं नाव राता. काळा राता, भुरा राता. तांबडा तांदूळ, कुसळाचं भात, उंच वाढणारा, वाऱ्यात लोळणारा, उत्पन्नाला कमी. पण भरतीचं पाणी एकदा बांधावरून आत आलं तर जया, रत्ना मान टाकतात आणि राता उभा राहतो. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पुढे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा खारट जमिनीला चालणाऱ्या जाती काढल्या, चांगल्या जाती आहेत, मीही करतो. माझं भांडण सुधारित जातीशी नाही. पण लुगानावाल्यांनी त्यांचा राता बाटलीत भरून जगाला विकला, आणि आम्ही आमचा राता कोंबड्यांना घातला. आज माझ्या गावात रात्याचं बी शोधायला गेलात तर दोन घरं सापडली तरी नशीब.

नाशिकने तर परदेशातल्या जाती आणल्या, पंचवीस वर्षांत नाव उभं केलं. आपल्याकडे जात इथली, माती इथली, नाव मात्र नाही.

अगदीच नाही असंही नाही. पेणचे गणपती, पेणचे पोहे, पेणचे पापड ही नावं मुंबईत चालतात. पण पोह्याच्या पिशवीवर भात कुणाच्या खाचरातलं ते लिहिलेलं असतं का? नाव पेणचं, भात कुठलंही चालतं. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला मानांकन मिळालं, फार चांगलं झालं. तरी रस्त्याकडेच्या माळा बघताना गिऱ्हाईक विचारतंच, "नक्की अलिबागचा ना?" बाहेरचा पांढरा कांदा माळेत गुंफून विकला जातो ही तक्रार जुनी आहे. मानांकन मिळालं म्हणजे काम झालं असं नाही. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा. त्यात नाव नोंदलं जातं ते गटाचं, संस्थेचं. पण त्या नावाने माल विकायचा तर प्रत्येक शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करायची असते. नोंद दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. हे किती जणांना माहीत आहे? कृषी खात्यातले जे मित्र हे पान वाचतात त्यांनी पुढच्या शेतीशाळेत खताच्या मात्रेबरोबर पाच मिनिटं हेही सांगावं, ही विनंती.

खारेपाटातल्या जुन्या माणसांना हे समजवायला लागणार नाही. पूर्वी आपल्याकडे जोळ होती. एका बाहेरकाठ्याच्या आत जेवढी शेतं, तेवढ्यांची एक जोळ. बांध सगळ्यांचा. उधाणाच्या आधी घरटी माणूस द्यायचा, चिखल टाकायचा, उघडी नीट करायची. एकाने हयगय केली आणि खांड गेली तर खारं पाणी त्याच्या एकट्याच्या शेतात जात नाही, सगळ्यांच्या जातं. नावाचं तसंच आहे. एकाने भेसळ केली की चव सगळ्यांची जाते. लुगानाचा संघ म्हणजे त्यांची जोळ. पुढे बांधांचं काम सरकारकडे गेलं आणि जोळ मोडली, आता खांड गेली की आपण अर्ज करतो आणि वाट बघतो. नावाच्या बाबतीत तरी अर्ज करून भागणार नाही.

आता पाहुण्यांचं. "आपल्याकडे कोण येतंय बघायला," असं एक जण म्हणाला. अरे बाबा, कोलाडला जाऊन बघ शनिवारी सकाळी. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की कुंडलिकेत रबरी बोटी उतरतात, मुंबई-पुण्याची माणसं ओळीने उभी. अलिबागला जाणारी निम्मी मुंबई आपल्या वडखळवरून जाते, आणि त्या रस्त्याची जी अवस्था इतकी वर्षं होती त्यात ती आपल्या दारात तास-तासभर उभीसुद्धा असायची! पाहुणा आहेच. तो आपल्या बांधावर उतरत नाही, कारण बांधावर त्याच्यासाठी काही ठेवलेलंच नाही. कोलाडला बोटीतून उतरलेला माणूस रिसॉर्टवर पनीर खातो आणि परत जातो. पाच मैलांवर रोह्याचे कडवे वाल शेतात उभे असतात.

आणि आपल्याकडे पोपटी आहे. नाशिकवाल्यांना विचारा, त्यांच्याकडे अशी गोष्ट नाही. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये अंडी, बटाटे, खाणाऱ्यांसाठी कोंबडी, पुन्हा शेंगा, वर पाला दाबून तोंड बंद, मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्यांचा जाळ. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी, थंडी पडली आणि शेंग भरली की दीड-दोन महिने. ती शेंग भात कापल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलीवर वाढते, नुसत्या दवावर. बाजारातून दुसऱ्या गावचा वाल आणून पोपटी लावली तर कळणाऱ्याला पहिल्या शेंगेत कळतं. पीक, जागा, हंगाम, आणि शेतातच बसून खायची पद्धत. तळ्याकाठच्या त्या गॅलरीत जे पैसे देऊन मिळतं त्यातलं काय कमी आहे इथे? दारू नाही, एवढंच. ते माझ्या मते बरंच आहे, कुटुंबातली माणसं लेकराबाळांसकट येतील.

सध्या काय होतं? शहरातली पोरं पोपटीला येतात आपल्या मित्राकडे, फुकट खातात, व्हिडिओ काढतात, जातात. किंवा हॉटेलवाला आपल्याकडून शेंगा किलोवर घेतो आणि ताटावर विकतो. पाहुणचार आपला धर्म आहे हे मला सांगू नका, घरच्या पाहुण्याकडून कुणी पैसे मागत नाही. पण अनोळखी चार गाड्या येणार असतील तर शेंगेचा, मडक्याचा, पाल्याचा, राखणीचा आणि रात्याच्या भाकरीचा हिशेब व्हायला हवा. २०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलंय, त्याखाली शेतकऱ्याला नोंदणी करता येते. दहा शेतकरी जमले तर उत्पादक कंपनी होते, कायदा तेवढेच मागतो. नाव रिसॉर्टवाल्याच्या बोर्डावर जाण्याआधी आपल्या पिशवीवर यायला पाहिजे. नाशिकला कराराच्या शेतकऱ्याला जे सोसावं लागलं ते बघितल्यावर हे जास्तच पटतं. गॅलरी ज्याची, नाव ज्याचं, भाव तो ठरवतो.

माझी घाई कशासाठी ते आता सांगतो. पेणमध्ये आज जमिनीचा दलाल दिवसाला जितके फोन करतो तितके माझी सोयरी माणसं वर्षात करत नाहीत. २००८ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या बावीस गावांनी सेझवर मतदान केलं ते विसरलात का? हेटवणेच्या लाभक्षेत्रातली गावं होती ती. शेतकऱ्याला जमीन द्यायची की नाही हे मतपेटीत विचारलं गेलं, असं फार थोड्या ठिकाणी झालंय. सेझ पुढे बारगळला. पण हेटवणेचं पाणी आज शहराच्या नळाला जातं आणि आपल्या कालव्यांची कामं वर्षानुवर्षं रखडत आलीत. आता २०२४ पासून तिसरी मुंबई म्हणून पेण, पनवेल, उरणमधल्या १२४ गावांवर नवं शहर आखलंय. त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध लिहायला हा लेख नाही, त्यावर गावोगाव बोलणं चालू आहे. इटलीतल्या त्या लुगानाच्या बागांतूनसुद्धा वेगवान आगगाडीचा मार्ग आखला, तेव्हा बागायतदार उभे राहिले. मार्ग थांबला नाही. पण त्यांच्याकडे दाखवायला काहीतरी होतं. ही नुसती जमीन नाही, हे अमुक नावाचं पीक दुसरीकडे कुठे होत नाही, असं त्यांना बोलता आलं. आपल्या खाचराला सातबाऱ्यावर काय लिहिलंय? भात. आणि उन्हाळ्यात पड. भात तर कुठेही पिकतं, असं साहेब म्हणाला तर त्याला काय उत्तर द्यायचं?

काही जण म्हणतील, दादा, जमिनीचा एका गुंठ्याला जो भाव आलाय तो वालाच्या शेंगेतून सात पिढ्यांत निघणार नाही. खरं आहे. मी हिशेब करून बघितलाय, नाही निघत. ज्याला विकायची गरज आहे त्याने विकावी, मुलीचं लग्न, दवाखाना, पोराचं शिक्षण, हे मला कळतं. पण विकल्यावर त्याच रस्त्याला फार्महाऊसचा राखणदार म्हणून बसलेली माणसं मी ओळखतो. त्यांना कुणी पोपटी लावायला सांगितली तर शेंगा बाजारातून आणाव्या लागतात.

दुसरा आक्षेप आमच्या एका कृषी सहायक मित्राचा. तो म्हणाला, राता लोळतो, एकरी उत्पन्न निम्म्यावर येईल, शेतकऱ्याला का फसवता? बरोबर आहे, सगळं शेत कुणी रात्याखाली आणू नये. दोन गुंठे, चार गुंठे, बाहेरकाठ्याच्या कडेचं जे खाचर दरवर्षी मिठाने जातंच, तिथे लावा. तिथे नाहीतरी सुधारित जातीचं निम्मंच येतं. आणि कमी पिकवून जास्त घेण्याचा धंदा असतो हे नाशिकला बघून आलोय. रात्याचा तांबडा तांदूळ, हातसडीचा, एक-एक किलोच्या पिशवीत, गावाच्या नावासकट, अलिबागच्या रस्त्यावर गेला तर काय भाव येतो ते बघायला तर हवं. आला नाही तर घरात पेजेला आहेच.

यंदाचा बेत असा. जूनमध्ये मी चार गुंठ्यांत रहू टाकणार, पूर्ण रात्याची, शेजारी तेवढीच पनवेल-३. काढणीला दोन्हीचं वजन इथेच टाकेन, जे येईल ते. भात कापल्यावर दोन्हीकडे वाल. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वालाला शेंग धरली की आमच्या पाच घरांनी मिळून पोपटी लावायची, पाहुणे पैसे देऊन येतील असे, एका वेळी वीस माणसं, जास्त नाही. भाव अजून ठरला नाही, घरातल्या बायांना विचारून ठरवायचा आहे, कारण निम्मं काम त्यांचंच.

अडलंय ते बियाण्यावर. माझ्याकडे भुरा राता आहे, तोही पायलीभर. काळा राता पाहिजे. वढाव, रावे, दादर, जिते या भागात किंवा खाली रोह्याच्या खाडीपट्ट्यात कुणाच्या कणगीत असेल, अगदी शेरभर असला तरी, मला कळवा. मी येऊन घेऊन जाईन, आणि दिवाळीला दुप्पट परत करीन. भेसळ असली तरी चालेल, लोंबी निवडून घेऊ.